पैसे भरून आफ्रिकेत प्राण्यांची सेवा: जावं की न जावं?

वनमाला
माझी भाची बारावीनंतर दक्षिण आफ्रिकेतल्या एका 'सिंह अनाथालयात' स्वयंसेवक म्हणून जायचं म्हणतेय. माहितीपत्रकावर बछड्याला बाटलीने दूध पाजणाऱ्या मुलीचा फोटो आहे. मी घरात विरोध केलाय आणि इथेही तेच म्हणते: पैसे भरणाऱ्याच्या मांडीवर जिथे पिल्लू दिलं जातं, तिथे पुनर्वसन होत नाही.

त्या देशात रानातल्या सिंहांपेक्षा पिंजऱ्यातले सिंह जास्त आहेत. बछडा जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून तोडतात, म्हणजे सिंहीण लवकर माजावर येते आणि पुढची वीण मिळते. बछडे आधी स्वयंसेवकांच्या हातात, थोडे मोठे झाले की पर्यटकांसोबत फिरायला. पूर्ण वाढले की कुंपणातल्या शिकारीला (पैसे भरून आलेला शिकारी कोंडलेला सिंह मारतो) नाहीतर हाडांच्या व्यापाराला. मुलांना मात्र 'याची आई मेली' एवढंच सांगतात. २०२१मध्ये तिथल्या सरकारनेच हा धंदा बंद करायचं धोरण जाहीर केलं. अजून काय पुरावा हवा?

मुक्ता_ठाणे
वनमालाताई, सिंहांबद्दल शंभर टक्के मान्य. पण नियम सरसकट लावू नका. मी दक्षिण आफ्रिकेतल्याच लिंपोपो प्रांतात बबूनच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या माकडांच्या, केंद्रात काम केलंय. शेतकरी उपद्रवी म्हणून बबूनला गोळी घालतात आणि मेलेल्या आईच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू मागे राहतं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे पिल्लू आईला सोडतच नाही. त्याला धरायला ऊबदार अंग लागतंच, दुधाची बाटली पुरत नाही. रीटा मिल्यो यांनी १९८९मध्ये त्याच प्रांतातल्या फालाबोर्वाजवळ केंद्र काढलं ते याच पिल्लांसाठी. पुढे पिल्लं एकमेकांत सोडायची, त्यांची टोळी बांधायची. आणि फोटोत न दिसणारं काम विचाराल तर फळं चिरणं, बाटल्या उकळणं, पिंजरे घासणं. दिवसाचा बराचसा वेळ त्यातच जातो.

रानवाटा
मुक्ता, मग हे काम तिथल्याच माणसांना पगार देऊन का करू नये? केनियात डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी हत्तीची अनाथ पिल्लं वाढवायची पद्धत बसवली. आयेशा नावाचं पिल्लू त्यांच्या एकटीच्या सवयीचं झालं होतं. शेल्ड्रिक आपल्या मुलीच्या लग्नासाठी थोडे दिवस बाहेर गेल्या आणि आयेशाने खाणं सोडलं, त्यातच ती दगावली. तेव्हापासून त्यांच्या केंद्रात केनियन राखणदार पाळीपाळीने पिल्लांजवळ झोपतात, म्हणजे एकाच माणसाचा लळा लागत नाही. मोठी झाली की पिल्लं त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानात जातात. तिथे परदेशी स्वयंसेवकाच्या हाती पिल्लू देत नाहीत. तुमच्याकडे लळा लावून महिन्याभरात परतणाऱ्यांचं काय? विमानाच्या तिकिटाचे पैसे थेट पाठवा, त्यात एखाद्या राखणदाराचे काही महिन्यांचे पगार निघतील.

मुक्ता_ठाणे
पाठवा ना! पण किती जण पाठवतात? कोरोनात विमानं बंद झाली तेव्हा पर्यटक आणि स्वयंसेवकांच्या पैशांवर चालणाऱ्या केंद्रांची दाणादाण उडाली. प्रत्यक्ष जाऊन आलेला माणूस पुढे वर्षानुवर्षं देणगी देतो, हे मी पाहिलंय. आणि आमच्याकडे नवख्याच्या हाती पिल्लू देतच नव्हते.

पशुवैद्य_सांगली
आजारांबद्दल कोणीच बोललं नाही. माणसाची साधी सर्दी चिंपांझीच्या जिवावर उठू शकते. क्षयाचा धोका तर दोन्ही बाजूंनी आहे. त्यामुळे लसीकरणाचे आणि क्षयाच्या तपासणीचे कागद मागितले नाहीत तर ते केंद्र सोडून द्यावं. दुसरी खूण पिल्लांची. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गाम्बा बेटावर १९९८पासून अनाथ चिंपांझी ठेवतात. माद्यांना गर्भनिरोधक देतात, कारण मुद्दाम वीण वाढवली तर सोडवून आणलेल्यांना जागा उरणार नाही. ज्या 'अनाथालयात' दरवर्षी नवी पिल्लं दिसतात, तिथे अनाथ येतात कुठून?

जुन्नरकर
आमच्याकडे ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात. पूर्वी लोक घरी आणायचे, फोटो काढायचे. आता वनखात्याला कळवतात. माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवतात. बहुतेकदा रात्रीत आई येऊन घेऊन जाते. त्या वेळी गावाने फक्त लांब राहायचं असतं. मुक्ताताई, तुमच्या बबूनला आई उरलेली नसते, तो प्रश्न वेगळा, मान्य. पण जगवता येतं म्हणून हाताळायचं, ही सवय लागली की आई जिवंत असलेलं पिल्लूही उचललं जातं. आम्ही ते बघितलंय.

वनमाला
मुक्ता, बबूनपुरता माझा नियम मी मागे घेते. सिंहाच्या बछड्यापुरता नाही. पशुवैद्यांचा प्रश्न भाचीने काल त्या केंद्राला मेलवर विचारला, वर आणखी एक जोडला: मोठे झालेले सिंह कुठे जातात? उत्तर आलं, 'दुसऱ्या खासगी अभयारण्यात.' नाव दिलं नाही. तिने आज पुन्हा नाव मागितलंय. ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम भरायची नाही, हे तिनेच ठरवलंय.