गो या प्रोग्रामिंग भाषेत स्लाइस चालते मग फ्लोट का नाही?

प्रश्न:
मीटर नावाचा टाइप केला, आत फ्लोट64 च आहे (दशांश संख्यांचा तयार टाइप), पण फ्लोट64 चं व्हेरिएबल त्यात टाकायला गेलो की कंपायलर एरर देतो आणि थेट 5.2 लिहिलं तर गपगुमान घेतो. इंटच्या स्लाइसला (पूर्णांकांच्या यादीला) मार्क असं नाव दिलं तर तिथे साधी स्लाइस तशीच जाते. दोन नियम आहेत का?

रिप्लाय 1:
नियम एकच आहे रे. मूळ टाइप सारखा पाहिजे आणि दोघांतला किमान एक बिननावाचा पाहिजे. फ्लोट64 ला भाषेनेच नाव दिलंय, म्हणजे दोन्ही नाववाले, अडलं. इंटची स्लाइस नुसती रचना आहे, नाव नाही, म्हणून चालते. 5.2 हा टाइप न ठरलेला कॉन्स्टंट, तो मीटरमध्ये बसतो.

रिप्लाय 2:
सी भाषेत टाइपडेफ म्हणजे फक्त दुसरं नाव, मीटर न् सेकंद एकमेकांत बिनधास्त जातात, माझे दोन दिवस असल्याच बगमध्ये गेलेत त्यामुळे मला गोचा कडकपणा खरंच आवडतो. गोमध्ये टोपणनावच हवं असेल तर नवं नाव आणि मूळ टाइप यांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह टाक, 2017 च्या गो 1.9 आवृत्तीपासून चालतं.

प्रश्नकर्ता:
थँक्स, मग कन्व्हर्जनच करतो, म्हणजे फ्लोट64 स्वतःच मीटरमध्ये बदलून देतो. फंक्शनला पाठवतानाही हेच?

रिप्लाय 1:
हो, रिटर्न करतानाही.