मदत हवी आहे: वुडपिजनसाठी रोटरी डिकॉय मशीन कुठलं घ्यावं? (लिंकनशर, इंग्लंड)

नदीकाठ

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात शेतावर वुडपिजन (एक मोठं रानटी कबूतर) मारायला जाणारे आपल्यातले किती जण इथे असतील माहीत नाही, पण मोटर-बॅटरीतले जाणकार नक्की आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो. रोटरी डिकॉय मशीन, म्हणजे नकली हालचाल दाखवून पक्ष्यांना खाली बोलावणारं फिरतं यंत्र (इथे सगळे त्याला मॅग्नेट म्हणतात), घ्यायचं आहे आणि इतकी मॉडेलं पाहून काही ठरत नाहीये.

आधी परिस्थिती सांगतो. मी स्लीफर्डच्या पूर्वेला राहतो. इथून फेन्सचा सपाट मुलूख सुरू होतो. झाडं कमी, बांधाच्या जागी पाण्याचे खोल चर, आणि वारा अडवायला काहीच नाही. ज्या शेतकऱ्याकडे मी जातो त्याचं रेपसीड आहे, म्हणजे आपल्या मोहरीच्याच कुळातलं तेलबियांचं पीक. ऑगस्टअखेर पेरलं. फ्ली बीटलने सुरुवातीलाच रोप विरळ केलं. २०१३ साली निऑनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या बीजप्रक्रियेवर निर्बंध आले तेव्हापासून हा किडा इथल्या रेपसीडवाल्यांच्या मानगुटीवर बसलाय. त्यातून जे वाचलं त्यावर जानेवारीपासून वुडपिजनचे थवे. या दिवसांत बाकी शिवारात हिरवं फारसं नसतं, त्यामुळे सगळे इथेच उतरतात. खाली बसून एखादं रोप बघितलं तर पानाची मधली शीर तेवढी काडीसारखी उभी असते, कडा फाटलेल्या, आणि आजूबाजूला हिरवट-पांढरी शीट. शेंडा खाल्ला की रोप मागे पडतं, पुढे फुलोरा एकसारखा येत नाही आणि काढणीला त्रास होतो.

गॅस गन (नुसता मोठा आवाज करणारी) लावून झाली, ससाण्याच्या आकाराचे पतंगही लावून झाले. बार झाला की थवा उठतो, एक गिरकी घेतो आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.

परवानगीचं विचारलं जाईलच. वुडपिजन १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्टखाली येतो, उठसूट मारता येत नाही. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी इंग्लंडमध्ये जीएल४२ हे जनरल लायसन्स आहे, त्याच्या अटींत राहूनच हे काम चालतं, आणि बुजवण्याचे उपाय करून बघणं ही त्यातलीच अट आहे. शेतकऱ्याची लेखी परवानगी, पोलिसांकडून मिळालेलं शॉटगन सर्टिफिकेट, बीएएससी या नेमबाजांच्या संघटनेचं सभासदत्व आणि त्यातून येणारा विमा, हे सगळं माझ्याकडे आहे.

आता मशीन. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जमिनीत ठोकायचा लोखंडी खुंट, त्यावर बारा व्होल्टची मोटर, मोटरवर दोन लांब हात, आणि हातांच्या टोकांना एकेक पक्षी (प्लॅस्टिकचा किंवा आधी मारलेला) पंख पसरून अडकवायचा. मोटर फिरली की दोन कबुतरं उतरण्यासाठी घिरट्या घालतायत असं लांबून दिसतं. वुडपिजनच्या पंखावरचा पांढरा पट्टा फार दुरून चमकतो, आणि वरून जाणारा थवा तोच बघून वळतो. खाली जमिनीवर प्लॅस्टिकचे डिकॉय मांडलेले असतात, मध्ये उतरायला मोकळी जागा ठेवलेली असते, आणि आपण हाईडमध्ये, म्हणजे जाळीच्या आडोशात लपून.

मागच्या मोसमात एका ओळखीच्याचं मशीन वापरायला मिळालं. गाडीच्या वायपरची मोटर बसवून घरी बनवलेलं. प्लॅस्टिकच्या पक्ष्यांवर छान चालायचं. खरे पक्षी लावले की सगळा खेळ बिघडायचा. एक वुडपिजन साधारण अर्धा किलोचा. वेग कमी केला की मोटर अडकून थांबायची, वाढवला की हात इतके गरगरायचे की येणारे पक्षी तिथूनच वळून निघून जायचे. वाऱ्यात तर अर्धी फेरी हळू, अर्धी जोरात.

म्हणून माझी मुख्य अडचण ही आहे: खऱ्या पक्ष्यांचं वजन घेऊन, फेन्सच्या वाऱ्यात, हळू आणि एकसारखं फिरेल असं मशीन ओळखायचं कसं? जाहिरातीत सगळेच "पॉवरफुल मोटर" लिहितात. शिवाय हात फायबरग्लासचे बरे की स्टीलचे? रिमोटसाठी जास्त पैसे घालावेत का? आणि चराच्या कडेने बरंच चालत जावं लागतं, तर लेड-ॲसिड बॅटरी सोडून लिथियम घ्यावी का? बजेट सगळं धरून दीडशे पौंड.

मोटरवाला_भोसरी

कबुतरांचं मला काही कळत नाही, पण मोटरचं सांगतो. दादा, तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मोटरपेक्षा कंट्रोलर वाईट असण्याची शक्यता जास्त. स्वस्तातल्या कंट्रोलरमध्ये रेझिस्टन्स घालून व्होल्टेज पाडतात. व्होल्टेज पडलं की वेग कमी होतो, पण लोड आला की ताकदही उरत नाही आणि मोटर थांबते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पूर्ण व्होल्टेज तुकड्यातुकड्यांत देतो, त्यामुळे कमी वेगातही मोटर बऱ्यापैकी जोर लावते. विकणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारा. उत्तर देता आलं नाही तर पुढे जा.

दुसरं, गिअरबॉक्स. वर्म गिअर असेल तर चांगलं. वाऱ्याने हात ढकलला तरी मोटर उलटी फिरत नाही. "अर्धी फेरी हळू, अर्धी जोरात" हे त्यानेही कमी होईल. पण त्याचं एक कारण असमतोलही असतं. खुंट जरासा कलला आणि दोन पक्षी वजनाला सारखे नसले, की प्रत्येक फेरीत जड बाजू चढताना मोटर दमते आणि उतरताना पळते. खुंट ओळंब्यात ठोका आणि पक्षी निवडताना जोडी सारख्या वजनाची घ्या.

दुकानात जाऊन घेणार असाल तर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या मिठाच्या दोन पिशव्या घेऊन जा. हातांच्या टोकांना बांधा, वेग सगळ्यात कमी करा आणि बंद अवस्थेतून सुरू करून बघा. चालत्या मशीनला वजन ओढणं सोपं असतं, थांबलेलं उचलून फिरवणं अवघड. तिथेच खरं-खोटं कळतं.

बॅटरी: सात अँपिअर-अवरची लेड-ॲसिड दोन किलोच्या वर भरते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट साधारण एक किलो. लेड-ॲसिड अर्ध्याखाली उतरवत राहिलात तर लवकर मरते, म्हणजे सातातले साडेतीनच हिशोबात धरा. मोटर एक अँपिअर ओढत असेल तर साडेतीन तास. लिथियममध्ये जवळजवळ सगळे सात वापरता येतात आणि शेवटपर्यंत व्होल्टेज टिकतं, वेग मरत नाही. फक्त चार्जर तिचाच घ्या, आणि शून्य अंशाखाली चार्ज करू नका. थंडीत शेडमध्ये पडलेली बॅटरी आणून तशीच चार्जिंगला लावायची नाही, आधी घरात ठेवून कोमट होऊ द्यायची.

सातारकर_लीड्स

भाऊ, मी यॉर्क आणि सेल्बीच्या मधल्या पट्ट्यात जातो. तुमच्यासारखाच सपाट भाग, तसाच वारा. मोटरचं वरच्या साहेबांनी सांगितलंच आहे, मी रानातलं सांगतो.

रिमोट घ्या. इतर कशात काटकसर करायची ती करा, यात नको. थवा लांबून वळला, सरळ तुमच्याकडे येतोय, आणि शंभर यार्डांवर आल्यावर पुढचे दोन पक्षी मान वर करून बिचकायला लागले, की त्या क्षणी मशीन थांबवता आलं पाहिजे. थांबल्यावर उरलेले सरळ खाली येतात. हाईडमधून वायर ओढून स्विच ठेवणारेही आहेत, पण चिखलात ती वायर पायात येते आणि ओल लागली की पहिली तीच दगा देते.

वेग: माझ्या मशीनची एक फेरी तीन-चार सेकंदांची ठेवतो. उतरणारं कबूतर बघा कधी निवांत, शेवटच्या टप्प्यात ते पंख फुगवून हळू होतं. मशीनने तेच दाखवायचं असतं.

हात फायबरग्लासचे. लवचिक असतात, त्यामुळे पक्षी वर-खाली डोलतो आणि जिवंत वाटतो. स्टीलचे ताठ राहतात आणि एकदा वाकले की वाकलेच. फायबरग्लासला छर्रा लागला तर मात्र तडा जातो, तेव्हा मशीनच्या पातळीवर खाली आलेल्या पक्ष्यावर बार टाकायचा नाही. बंदुकीच्या सुरक्षेसाठीही तेच योग्य.

जागा: वारा पाठीवर येईल अशी हाईड, डिकॉय घोड्याच्या नालाच्या आकारात, तोंडं साधारण वाऱ्याकडे. पक्षी वाऱ्याच्या तोंडावरच उतरतो. मशीन हाईडपासून वीस-पंचवीस यार्डांवर, नालाच्या वाऱ्याकडच्या टोकाला. उतरणारे त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत येतात. आणि पडलेला पक्षी पाठीवर, फिकट पोट वर करून राहिला असेल तर जाऊन सरळ करा. वरून येणाऱ्यांना ते लगेच खटकतं.

रानवाटा

प्रश्न मदतीचा आहे हे कळतं, तरी विचारते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारच बंद आहे, म्हणून वाचताना अवघड वाटलं. चुकून दुसरा पक्षी मारला जाण्याची शक्यता किती? मारलेल्यांचं पुढे काय होतं?

नदीकाठ

रानवाटा ताई, विचारलंत ते बरं झालं. सगळ्यात मोठा धोका स्टॉक डव्हचा. तो वुडपिजनसारखाच करडा, पण लहान, मानेवर पांढरा डाग नाही, पंखावर पांढरा पट्टा नाही. तो या लायसन्सवर नाही, त्याला हात लावायचा नाही. तोही याच थव्यांत मिसळून येतो. म्हणून पांढरा पट्टा स्पष्ट दिसला नाही तर बंदूक खांद्याला लावायचीच नाही हा माझा नियम. हळू मशीन हवं असण्याचं एक कारण हेही आहे. घाबरून इकडेतिकडे वळणाऱ्या पक्ष्यांत ओळख पटवायला वेळ मिळत नाही, शांत उतरणाऱ्यात मिळतो आणि बारही नेमका लागतो, पक्षी जखमी होऊन जात नाही. जिवंत पक्षी बांधून डिकॉय करणं कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे.

पुढे काय, तर खातो. काही शेतकऱ्याच्या घरी, काही गेम डीलरकडे (शिकारीचं मांस घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे), बाकी आमच्याकडे. छातीचं मांस गडद आणि बिनचरबीचं असतं. घरी काळ्या मसाल्याचा रस्सा होतो, पण मंद आचेवर बराच वेळ ठेवावा लागतो, नाहीतर चिवट राहतं.

शिवारकन्या_निफाड

आमच्या द्राक्षबागेत पाखरांचा फार उच्छाद आहे. हे फिरणारं मशीन लावलं तर बुजतील का? मागवता येईल का इकडे?

नदीकाठ

ताई, अजिबात मागवू नका. हे मशीन पाखरं हाकलत नाही, बोलावतं. तुमच्या बागेत लावलंत तर वरून जाणारेही खाली उतरतील. द्राक्षाला जाळीच खरी. लहान क्षेत्राला चमकणाऱ्या फितीचा थोडे दिवस उपयोग होतो, फक्त जागा बदलत राहायची. आमचे आजोबा ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण चालवायचे, तेव्हाही एका जागी बसून भागायचं नाही, चारी कोपऱ्यांना हाळी द्यावी लागायची.

हॅम्पशरकर

थोडं वेगळं मत मांडतो. मशीन घ्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. आमच्या भागात जो तो मॅग्नेट लावतो, आणि फेब्रुवारीपर्यंत पक्षी इतके हुशार होतात की फिरणारं काही दिसलं की बाजूने निघून जातात. माझी बरीच चांगली दुपार दोन-तीन बाउन्सरवर गेलेली आहे. लवचिक काडीवर पंख पसरलेला पक्षी, वाऱ्यानेच डोलतो, ना बॅटरी ना मोटर. फेन्सच्या वाऱ्यात तर ते उत्तमच चालतील.

त्याहून महत्त्वाचं, बंदूक न घेता आधी एक सकाळ नुसती दुर्बीण घेऊन बसा. थवे कुठल्या चराच्या रेषेने येतात, कुठल्या झाडांवर थांबतात, हे बघून घ्या. उडण्याच्या वाटेखाली मशीन असेल तर साधंसुद्धा काम करतं. वाटेपासून दोन शेतं लांब असेल तर सर्वात महाग मशीनही पक्षी ओढू शकत नाही. आणि चराच्या कडेने सार्वजनिक पायवाट जाते का तेही तेव्हाच बघा. तुमच्याकडे बऱ्याच बांधांवरून असतात.

सातारकरांच्या मांडणीत मी एक बदल करीन. मशीन वाऱ्याकडच्या टोकाला नको, नालाच्या बाहेर, एका बाजूला ठेवा. मध्ये ठेवलं की उतरणारा पक्षी ऐनवेळी हाताला बिचकतो.

सातारकर_लीड्स

हॅम्पशरकर, थव्याने येत असतील तर तुमचं बरोबर. एकटे-दुकटे येत असतील तर मला वरचं टोकच फळतं. दोन्ही करून बघावं, खुंट उपटून हलवायला वेळ लागत नाही.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता चित्र बरंच स्पष्ट झालं. वर्म गिअर, पीडब्ल्यूएम कंट्रोलर, फायबरग्लासचे हात आणि रिमोट, एवढं असलेलंच मशीन बघतो. लिथियम बॅटरी बजेटमध्ये बसली नाही तर यंदा लेड-ॲसिड, आणि उरलेल्या पैशांत दोन बाउन्सर. मिठाच्या पिशव्या घेऊन शनिवारी ग्रँथमच्या बाजूच्या एका दुकानात जातोय. रविवारी पहाटे नुसती दुर्बीण.

एक शेवटचा प्रश्न राहिला. इथली काळी माती फेब्रुवारीत लोण्यासारखी मऊ असते. साधा टोकदार खुंट तासाभरात कलतो, आणि भोसरीकर म्हणतात तसं कललं की सगळंच बिघडतं. तुम्ही काय करता?

सातारकर_लीड्स

खुंटाला जमिनीच्या पातळीवर आडवी पट्टी वेल्ड करून घ्या, पाय ठेवून दाबता येईल अशी, फूटभर रुंद. आणि खुंट निदान दीड फूट आत गेला पाहिजे. विकत मिळणारे बहुतेक आखूड असतात. शेतकऱ्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग असेलच, त्यालाच सांगा.

मोटरवाला_भोसरी

पट्टी दोन्ही बाजूंना सारखी काढा, आणि वेल्ड करताना मोटर काढून ठेवा. शनिवारी मिठाच्या पिशव्यांवर काय झालं ते इथे नक्की लिहा, मोटरने किती अँपिअर ओढले तेही मोजता आलं तर बघा.