देवाची इच्छा कोणती अन् माझी सोय कोणती, कसं ओळखायचं?

बुटीबोरीवाला

सलाम सगळ्यांना. बरेच दिवसांपासून टाकू का नको करून राहिलो होतो, आज टाकतोच. मी नागपूरच्या मेकोसाबागेत लहानाचा मोठा झालो, आता बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्स पाहतो, वय ३८, बायको शाळेत शिकवते, मुलगी सातवीत, आई आमच्याजवळच असते. भामरागडकडे आदिवासी पोरांचं एक होस्टेल आहे, आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले लोक दर हिवाळ्यात तिकडे स्वेटर अन् वह्या घेऊन जातात, मी पण दोनदा गेलो. तिथले वॉर्डन आता थकले आणि त्यांनी आपल्या जागी यायला पास्टरसाहेबांजवळ माझंच नाव घेतलं. मागच्या वेळी त्यांनी मला हिशेब पाहायला बसवलं होतं, सगळा जमाखर्च चौकोनी वहीत पेन्सिलनं लिहिलेला, अन् मागच्या पानावर एकेका पोराचं नाव आणि पुढे चपलेचा नंबर. ते पान माझ्या डोक्यातून जातच नाही.

पण आईचं डायलिसिस आहे, मंगळवार आणि शुक्रवार. रात्री झोपायच्या आधी मी तिच्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवून पाहतो, आत मधमाशी गुणगुणल्यासारखं लागते, ते लागलं की मग मी झोपतो. तिकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होते. पगार आत्ताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. बायको "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते अन् मग दोन दिवस बोलत नाही.

चार शुक्रवार उपास-प्रार्थना केली. "नाही" सांगायचं असं मनात ठरवलं की एकदम हलकं वाटते. पास्टरसाहेब म्हणतात, ज्यात शांती वाटेल ती देवाची इच्छा. मग झालं ना उत्तर? पण ह्या हलकेपणावर माझा भरवसाच बसत नाही. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

नांगरावर_हात

भाऊ, रागावू नका पण स्पष्ट सांगतो. प्रभूला "आधी माझ्या बापाला पुरून येतो" म्हणणारा पण होता अन् "घरच्यांचा निरोप घेऊन येतो" म्हणणारा पण होता. बायबलात लूकचा नववा अध्याय काढून वाचा, प्रभूनं दोघांचं पण कारण चालवून घेतलं नाही. देवानं बोलावलं तेव्हा अब्राहामाला तर कुठं जायचं ते पण माहीत नव्हतं. मी स्वतः दहा वर्षांआधी अशीच एक हाक टाळली, कारण चांगलंच होतं, आणि आज ते कारण पण राहिलं नाही अन् ती जागा पण राहिली नाही. तुम्हाला रात्री चपलेचे नंबर आठवून राहिले ना, मग अजून कोणती खूण पाहिजे?

सिस्टर_ताई

वरच्या भाऊंचं दुःख खरं आहे पण मला हे पटत नाही. मी २२ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, त्यातली बरीच डायलिसिसच्या पेशंटसोबत. दोन वेळचं डायलिसिस चुकलं तर पेशंटच्या अंगात पाणी साचते, पोटॅशियम वाढते, त्यात माणूस जाऊ शकते. हे "घरचा निरोप घेऊन येतो" सारखं नाही ना. आणि मार्कच्या सातव्या अध्यायात प्रभू कोणावर चिडला ते पण वाचा, आईबापाला जे द्यायचं ते "कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलं" म्हणून हात झटकणाऱ्यांवर. देवाचं नाव पुढे करून पण आपली सुटका करता येते, फक्त आईचंच नाव पुढे करून येते असं नाही.

आता तुमच्या हलकेपणाचं. मला वाटते शांती वेगळी अन् सुटल्यासारखं वाटणं वेगळं, आपण दोन्हीला एकच नाव देतो. ड्युटी बदलून मिळाली की मला जे वाटते ते सुटल्यासारखं वाटणं. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या चौथ्या अध्यायातली जी शांती आपण घरोघरच्या प्रत्येक कॉटेज मीटिंगमध्ये सांगतो ती पौलानं बेड्यांत असताना लिहिली, आणि तिथं तो कोणता निर्णय बरोबर ते ओळखायची रीत सांगत नाही, चिंता करू नका, प्रार्थना करा, देव तुमची मनं राखेल, एवढंच म्हणते. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं "हे दुःख टळू दे" हेच मागणं तीनदा मागितलं, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडला, तिथं हलकं कुठं वाटलं? तरी तीच पित्याची इच्छा होती. म्हणून हलकं वाटलं म्हणजे देवाचं, असं नाही. पण याचं उलटं पण खरं नाही बरं का, की जे जड ते देवाचंच. आपल्या लोकांत हे फार आहे, जितका त्रास तितकं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, पक्कं. असं धरून चालणारे लोक घर मोडून बसलेले पाहिलेत मी.

आणि एक, बायकोचं. कवी ना. वा. टिळक १८९३ ला आपल्याच नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते, डब्यात एका गोऱ्या साहेबानं नवा करार हातात दिला, अन् १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. ही साक्ष आपण किती उत्साहानं सांगतो! पण त्यांची बायको लक्ष्मीबाई त्यानंतर काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या, किती रडल्या असतील त्या. पुढे त्या स्वतःच्या समजेनं आल्या, नवरा म्हणाला म्हणून नाही. तुमच्या बायकोचं "तुम्ही म्हणाल तसं" हे उत्तर नाही भाऊ. त्या दोन दिवसांच्या गप्प बसण्यात उत्तर आहे, ते ऐका.

सेमिनरी_हिल्स

मी कॅथलिक आहे, चालेल ना इथं लिहिलेलं. आमच्याकडे संत इग्नेशियस लोयोला यांची शिकवण आहे, ते आधी सैनिक होते, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला अन् महिनोन् महिने अंथरुणावर पडून होते. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की दरबाराचे, मोठेपणाचे विचार चालू असताना गोड लागतात पण संपले की मन कोरडं पडते, आणि ख्रिस्ताच्या मागे जायचे विचार गेल्यावर पण आत ओल राहते. म्हणजे विचार करताना कसं वाटते ते नाही पाहायचं, नंतर काय उरते ते पाहायचं. तुमचं "नाही" वालं हलकेपण दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये टिकते का? ते लिहून ठेवत जा, आठवडाभर "जाणार" धरून जगा अन् आठवडाभर "नाही जाणार" धरून, रोज रात्री दोन ओळी.

त्यांचं अजून एक मला फार कामी आलं. तुमच्यासारख्याच अडचणीतला एखादा अनोळखी माणूस तुमच्याकडे सल्ला मागायला आला, तुम्हाला त्याचं भलं सोडून काही नको, तर त्याला काय सांगाल? तेच स्वतः करायचं. आणि मन खचलेलं असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही, हा त्यांचा नियमच आहे.

सदरचे_आजोबा

पोरा, दार उघडलं म्हणजे देवानंच उघडलं असं पण धरू नको. बायबलातला योना देवाचं काम टाळून पळायला निघाला तेव्हा याफोला तार्शीशचं जहाज तयारच उभं होतं, भाड्याचे पैसे पण खिशात होते. सगळं जुळून आलं होतं त्याचं.

आणि गेल्यावर सुखरूप राहशील म्हणजेच ते देवाचं, हे पण नाही. तू रोज बुटीबोरीला जातोस, टाकळघाट तिथून जवळच. मिशनरी हिस्लॉप साहेब १८४५ ला नागपूरला आले, अठरा वर्षं राबले, अन् १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. उपदेशाला नव्हते गेले, जुनी शिळावर्तुळं पाहायला गेले होते. मग ते देवाच्या इच्छेबाहेर होते का? त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ ला निघालं, वीस वर्षांनी, त्यांनी तर पाहिलं पण नाही. मी त्याच कॉलेजात शिकलो.

मला एक सांग, आईला विचारलंस का? तुझ्या एवढ्या मोठ्या लिहिण्यात ती काय म्हणते हेच नाही.

बुटीबोरीवाला

आजोबा, नव्हतं विचारलं. तुमचं वाचून अर्धा तास मोबाइल तसाच हातात धरून बसलो होतो. तिला त्रास नको म्हणून नाही विचारलं असं मी स्वतःला सांगत होतो. काल शुक्रवार होता, डायलिसिसहून आणलं, चहा दिला अन् सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ काहीच नाही बोलली. मग म्हणाली, "चार शुक्रवार मी सुईवर आणि तू उपासावर, आणि देवाजवळ माझं नाव घेताना मला विचारलं पण नाहीस?" मला रडूच आलं. मग म्हणाली, मी भामरागडला येणार नाही, ते जमणारच नाही, पण ती पेन्सिलची वही इथं बसून लिहिता येते का ते तरी विचार.

बायको आत भाजी चिरत होती, ती बाहेर आली, म्हणाली हेच मी महिनाभरापासून म्हणून राहिली, मनातल्या मनात. मी म्हटलं मनातलं मला कसं कळेल, तर ती म्हणाली तुम्ही वर पाहूनच विचारून राहिले होते, इकडे तोंड केलंच नाही. नंतर आम्ही तिघांनी मिळून प्रार्थना केली, या विषयावर एकत्र पहिल्यांदाच.

नांगरावर_हात भाऊ, तुमचं पण मनातून गेलं नाही, खरंच. वॉर्डनची जागा घेणं आत्ता होत नाही असं मी पास्टरसाहेबांना उद्या उपासनेनंतर सांगणार आहे, आणि हे सांगताना हलकं नाही वाटून राहिलं, वाईट वाटून राहिलं. पण त्या वॉर्डनना फोन केला, ते म्हणाले हिशेब कोणी पाहिला तर मी अजून दोन वर्षं रेटतो, फक्त पानांचे फोटो पाठवायला रेंज असलेल्या जागी जावं लागते. दिवाळीत चार दिवस मी जाऊन येतो, तेव्हा बहीण येऊन आईजवळ राहणार आहे. काल रात्री त्यांनी पहिली सात पानं पाठवली. चपलेवालं पान पण आहे, तीन पोरांचे नंबर खोडून मोठे केलेत.

सेमिनरी_हिल्स, रोज दोन ओळी लिहिणं सुरू केलं. दोन वर्षांनी हाच प्रश्न परत येणार आहे ना.