म्हातारा कुत्रा आणि सांधेदुखी : तुम्ही घरी काय करता?

आमची लॅब्रेडोर १३ वर्षांची आहे. हल्ली उठताना अडखळते, सोफ्यावर चढत नाही, सारखा गुडघा चाटते. केकाटत नाही, तरी हे दुखणंच आहे असं डॉक्टर म्हणाले. "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाहीये. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा.

बोरिवली : आधी फरशी बघा. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि कुत्रा चालायलाच घाबरतो. आम्ही अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाकल्या, नखं कापली, पंजांमधले केस कातरले. आता तो स्वतःहून स्वयंपाकघरात येतो!

गिरगाव : चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पोटाखालून पंचा घेऊन दोन्ही टोकं वर धरतो, म्हणजे मागचा भार आपल्या हातावर येतो. फिरवणं बंद करू नका, बसून सांधे आखडतात. एकदाच लांब नेण्यापेक्षा थोडं थोडं, पण रोज.

परळ : कळकळीने सांगते, आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्यांना मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन देतात, तेही वजन बघून आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. लांबचा कोर्स असेल तर आधी रक्त तपासून घ्या. स्टेरॉइड चालू असेल तर आवर्जून सांगा, दोन्ही एकत्र चालत नाहीत. उलट्या झाल्या, शी काळी झाली, जेवण सुटलं, तर गोळी थांबवून लगेच फोन करा. एक्स-रेसाठी आम्ही इथल्या बैलघोडा हॉस्पिटलात गेलो होतो.

दादर : वजन उतरवा. आमच्याकडे आजी प्रेमाने पोळी-बिस्किटं भरवायची. आता तिच्याच हातून मोजलेलं खाणं आणि दुधीच्या फोडी. काही महिन्यांत चाल सुधारली. माझ्या मते गोळीइतकंच हे महत्त्वाचं.

मुलुंड : सोसायटी लिफ्ट नाकारत असेल तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही. दुखऱ्या पायांनी जिने का चढायचे त्याने?

धागाकर्ती : गिरगाव, पंचा नेमका कुठे घेता?

गिरगाव : मागच्या पायांच्या जरा पुढे. चांगला रुंद घ्या, अरुंद काचतो. नर असेल तर आणखी थोडा पुढे, नाहीतर लघवी अडते.