‘मला मी नकोसा झालोय’ : आत्मद्वेष, तिटकारा, स्वीकार

गेले काही महिने मी समुपदेशकांकडे जातो आहे. त्यांनी घरी करायला एकच गोष्ट सांगितली: झोपण्यापूर्वी, दिवसभर स्वतःबद्दल जे वाटलं ते वहीत एका वाक्यात उतरवायचं. पहिल्या रात्री मी लिहिलं, ‘मी स्वतःचा द्वेष करतो.’ वाचून पाहिलं तर ते माझं वाटेना, पाठ्यपुस्तकातलं वाक्य उतरवून काढल्यासारखं वाटलं. खोडलं. ‘मला माझा राग येतो’ लिहिलं. तेही खोडलं, कारण राग मला किल्ली सापडली नाही तरी येतो. पेन कागदावर टेकवून बसलो होतो, शाईचा ठिपका पसरत होता, आणि हाताने लिहिलं, ‘मला मी नकोसा झालोय.’ ते खोडता आलं नाही.

तेव्हापासून हे शब्द डोक्यातून जात नाहीत. आत्मद्वेष, आत्मघृणा, तिटकारा, किळस, न्यूनगंड ही एकाच गोष्टीची कमीजास्त तीव्रतेची नावं आहेत की या वेगवेगळ्या गोष्टी आहेत? आणि दुसऱ्या टोकाला ‘स्वीकार’. सगळे सांगतात, स्वतःला स्वीकारा. पण आपण पराभव स्वीकारतो, शिक्षा स्वीकारतो. मला त्या शब्दात हात टेकल्याचाच भाव ऐकू येतो. याहून जवळचा शब्द मराठीत आहे का? जाणकारांनी लिहावं, जाणकार नसलेल्यांनीही लिहावं.

प्रतिसाद

तुमच्या तीन वाक्यांतला फरक क्रियापदात आहे. ‘द्वेष करतो’ यात मी कर्ता आहे, ठरवून काहीतरी करतो आहे. असं स्वतःबद्दल बोलताना कुणी म्हणत नाही, म्हणून ते पुस्तकी वाटलं. बोलण्यात या भावना ‘येतात’: कंटाळा येतो, वीट येतो, उबग येतो, चीड येते, किळस येते, शिसारी येते. ज्याला येते तो ‘मला’ असतो, कर्ता नसतो.

छटा म्हणाल तर वीट आणि उबग हे अतिपरिचयाने येतात. तेच ते वागणं, त्याच त्या चुका. चीड एखाद्या कृतीची असते. किळस आणि शिसारी हे मुळात शरीराचे शब्द, मळमळीच्या जवळचे. माणूस स्वतःच्या शरीराबद्दल बोलतो तेव्हा बहुधा हेच तोंडात येतात. तिटकारा मनाचा आहे आणि सहसा एका कृतीपुरता राहत नाही, सगळ्या माणसाला व्यापतो.

पण मला थांबवलं ते तुमच्या तिसऱ्या वाक्याने. त्यात ‘मला’ही आहे आणि ‘मी’ही आहे. एक जण ज्याला नको आहे तो, दुसरा जो नको आहे तो. आणि तुम्ही ‘मला मी नको आहे’ असं लिहिलं नाहीत, ‘नकोसा झालोय’ लिहिलंत. झालोय म्हणजे आधी तसा नव्हतो. ‘सा’मुळे तो नकारही पुरता नाही, नको‘सा’ आहे. हे तुम्ही ठरवून केलं नसेल, पण वाक्यात ते आहे.

प्रतिसाद

न्यूनगंड वेगळा काढा. आल्फ्रेड अ‍ॅडलरच्या मानसशास्त्रातल्या संकल्पनेसाठी मराठीत घडवलेला तो शब्द आहे. न्यून म्हणजे उणं, गंड म्हणजे गाठ, सूज (गंडमाळ आठवा). मनात बसलेली कमीपणाची गाठ. न्यूनगंड असलेला माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो आणि कमी भरतो. आत्मद्वेषाला तुलनेसाठी दुसरं कुणी लागत नाही. एकट्या माणसालाही तो पुरतो.

प्रतिसाद

संस्कृतच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण इथे काही शब्दांचा प्रवास फार विलक्षण आहे.

‘घृणा’ या शब्दाचा संस्कृतात एक अर्थ तिरस्कार, आणि दुसरा चक्क दया, कळवळा. एकाच शब्दाखाली दोन्ही. मराठीत कळवळा गळून गेला, तिरस्कार उरला. ‘राग’चंही तसंच. योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत, त्यात राग आणि द्वेष शेजारी शेजारी आणि एकमेकांविरुद्ध उभे आहेत: राग म्हणजे ओढ, आसक्ती. ‘अनुराग’मध्ये तो जुना अर्थ आजही टिकून आहे. मराठीत राग म्हणजे संताप झाला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ‘तिरस्कार’ हा शब्द ‘तिरस्’पासून आहे. तिरस् म्हणजे आड, बाजूला. तिरस्करिणी म्हणजे पडदा. तेव्हा तिरस्कार म्हणजे मुळात आड करणं, नजरेसमोरून हटवणं. आणि ‘स्वीकार’मधला ‘स्वी’ दीर्घ का, हे पाहा. शुद्ध नव्हतं ते शुद्ध केलं की शुद्धीकरण, एक नव्हतं ते एक केलं की एकीकरण. तसंच, ‘स्व’ नव्हतं ते ‘स्व’ केलं की स्वीकार. पाणिनीच्या व्याकरणात याला च्वि प्रत्यय म्हणतात. अंगीकारही याच घडणीचा. म्हणजे स्वीकारात हात टेकणं कुठेच नाही. परकं होतं ते आपलं केलं, एवढंच आहे. ज्याला स्वतःचं शरीर, आवाज, भूतकाळ परका झाला आहे त्याच्यासाठी याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

तुम्हाला जो पराभवाचा वास येतो तो ‘पत्करणे’चा असावा. जोखीम पत्करतात, हार पत्करतात. ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ हीदेखील पत्करण्याचीच म्हण आहे.

प्रतिसाद

वरचा प्रतिसाद मनापासून आवडला, तरी एक शंका नोंदवते. शब्द कुठून आला यावरून आज तो ऐकताना काय वाटतं हे ठरत नाही. धागाकर्त्यांना ‘स्वीकार’मध्ये हार ऐकू येत असेल तर ती तिथे आहे, च्वि प्रत्ययाने ती पुसली जात नाही. मलाही वर्षानुवर्षं ती ऐकू येत होती.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काही गोष्टी आता स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर चर्चा माझ्याभोवती घुटमळत राहील.

मी तोतरा आहे. लहानपणापासून. हा शब्द लिहायला मला या वयापर्यंत वेळ लागला. मी ‘अडखळतो’ म्हणायचो, ‘चाचरत बोलतो’ म्हणायचो, म्हणजे क्रियापदाने वेळ मारून न्यायचो. लोक ‘बोबडा’ही म्हणत, जे चूकच आहे. बोबडा उच्चार वेगळे करतो, तोतऱ्याचा उच्चार बाहेरच पडत नाही. ओठांनी उच्चारायची अक्षरं मला सगळ्यात जड जातात, त्यातही ‘म’. ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात, गळा ताठ होतो, समोरचा माणूस नजर वळवतो. आणि मराठीत मी, मला, माझं, माझ्याकडे, सगळं ‘म’नेच सुरू होतं. स्वतःबद्दल काही बोलायचं म्हटलं की पहिल्याच अक्षरावर दार बंद. आम्ही गाताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून वाचताना सहसा अडखळत नाही. त्यामुळे शाळेत प्रार्थना म्हणताना मी इतरांसारखाच असायचो आणि हजेरीला ‘हजर’ म्हणताना पुन्हा वेगळा.

म्हणून विचारतो: हे जे मला वाटतं ते लाज आहे की द्वेष? अपराधीपणा तर नक्की नाही, कारण मी काही केलेलं नाही.

प्रतिसाद

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करते. तुम्ही केलेला भेद अगदी बरोबर आहे. ‘मी चूक केली’ हा अपराधभाव, ‘मीच चूक आहे’ ही लाज. पहिल्यावर उपाय असतो: माफी मागता येते, भरपाई करता येते. दुसरीत करण्यासारखं काही नसतं, म्हणून माणूस लपतो. लाज फार काळ अंगावर वागवली की तिचा तिटकारा होतो. आधी इतरांच्या नजरेला घाबरायचं आणि मग तीच नजर आपल्या डोळ्यांत बसवून घ्यायची, असा तो रस्ता आहे. (ओशाळणं, वरमणं, खजील होणं ही क्षणापुरती असतात, त्यांना घाबरू नका.)

दुसरी एक जोडी आमच्याकडे रोज घोळते: आत्मसन्मान आणि आत्मस्वीकार. विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे (स्वतःच्या अविवेकी समजुती तपासून बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराचे) जनक अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी यावर फार भर दिला. त्यांचं म्हणणं असं की कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका. आत्मसन्मान हेही एक मूल्यमापनच. आज भाषण चांगलं झालं म्हणून मी चांगला, उद्या फसलं की मी वाईट. विनाअट आत्मस्वीकारात ही गुणपत्रिकाच बंद करायची. मात्र सुधारणा थांबवायची नाही. वाचोपचार घेत असाल तर घेतच राहा. स्वतःला नावं ठेवल्याने बोलणं सुटत नाही, ताण वाढतो आणि ओठ आणखी घट्ट मिटतात, हे तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

आणि हे सगळ्यांसाठी. ‘नकोसा झालोय’ याच्या पुढे जाऊन ‘मी नसलेलाच बरा’ असं मनात येऊ लागलं तर तो शब्दचर्चेचा विषय राहत नाही. त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगायचं, बरोबर शब्द सापडण्याची वाट पाहायची नाही.

प्रतिसाद

‘स्वतःवर प्रेम करा’ हे वाक्य कुणाला मराठी वाटतं का? मला ते ऐकलं की दडपण येतं. ज्याला आरशात पाहवत नाही त्याला एकदम प्रेम कसं जमणार?

प्रतिसाद

मगाशी शंका काढणारी मीच. मला सापडलेला शब्द सांगते: ‘सांभाळून घेणे’.

आपण नवख्याला सांभाळून घेतो. कुणी बोलताना चुकलं, सूर गेला, वेळेवर सुचलं नाही, तर सांभाळून घेतो. त्यात चूक नाकारलेली नसते. चूक दिसत असते, तरी माणसाला पडू द्यायचं नसतं. आवडायलाच हवं अशी अटही नसते. नावडत्या माणसालाही सांभाळून घेता येतं, म्हणून प्रेमाच्या आधीची ही पायरी मला चढता आली. समजून घेणे, सामावून घेणे, चूक पोटात घालणे, सगळे याच घरातले. फक्त एक पाहा, हे सगळे शब्द आपण दुसऱ्यांसाठी वापरतो. ‘त्याने तिची चूक पोटात घातली’ असं म्हणतो. ‘मी माझी चूक पोटात घातली’ असं मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. स्वतःसाठी आपल्याकडे कोणतं ‘घेणे’ आहे? कपाळ बडवून घेणे. तोंडात मारून घेणे.

व्याकरणाची अडचण काहीच नाही, बरं का. ‘मी मला सांभाळून घेतलं’ हे शुद्ध मराठी आहे. मी आईच्या आजारपणात माझ्या हातून झालेल्या एका हलगर्जीबद्दल हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेव्हा मला रडू आलं होतं. ती चूक होती आणि आजही ती चूकच आहे.

प्रतिसाद

‘आपलंसं करणे’ राहिलं. ‘स्वीकार’चं शब्दशः मराठी तेच की! स्व नसलेलं स्व करणं.

धागाकर्ता

‘सांभाळून घ्या’ वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. हे शब्द मी शेकडो वेळा म्हटले आहेत. चार माणसांसमोर उभं राहायचं झालं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘जरा सांभाळून घ्या.’ ते मी नेहमी समोरच्यांना म्हणत आलो, हात जोडून, आणि आतून स्वतःला काय म्हणत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काल कामाच्या ठिकाणी नव्या लोकांना ओळख करून द्यायची होती. या वेळी मी विनंती केली नाही. म्हटलं, ‘मी तोतरा आहे, मला बोलायला वेळ लागतो.’ ‘मी’वर ओठ मिटले ते मिटलेच. किती वेळ ते मोजलं नाही, एरवी मोजतो. समोरच्या दोघांनी नजर वळवली, एकीने वळवली नाही. मग ‘मी’ बाहेर आला आणि बाकीचं वाक्य त्याच्यामागून आलं, ‘मला’पाशी पुन्हा अडलं, तेही आलं.

रात्री वहीत लिहिलं: ‘आज मी मला थांबू दिलं.’ सांभाळून घेतलं असं लिहिणार होतो, पण ते अजून पूर्ण खरं नाही. ‘थांबू देणे’ हा शब्द तुमच्या यादीत कुठे बसेल ते सांगा.