मदत हवी आहे: आमच्या मुक्त वनस्पतिकोशातल्या नोंदी तपासणीतच अडकून पडतात

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण सह्याद्रीतल्या वनस्पतींचा एक मुक्त मराठी कोश आंतरजालावर चालवतो. पगार कोणालाच नाही, जाहिराती नाहीत, आणि श्रेय देऊन मजकूर कोणीही वापरू शकतो. लिहिणाऱ्यांत शाळेतले शिक्षक आहेत, वनखात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, एम.एस्सी. करणारी मुलं आहेत, सुट्टीच्या दिवशी गड चढून झाडांचे फोटो काढणारे हौशी लोक आहेत. नियम एकच: विषयातल्या दोन जाणकारांनी तपासून होकार दिल्याशिवाय नोंद वाचकांना दिसत नाही. पण लिहून झालेल्या बऱ्याच नोंदी आता या तपासणीतच अडकल्यात आणि लिहिणारे एकेक करून गळायला लागलेत.

नियम मला सोडायचा नाही. का, ते कळलावीच्या नोंदीवरून सांगते. पावसाळ्यात कुंपणावर चढलेली तिची लाल-पिवळी फुलं तुम्ही पाहिली असतील. तिच्या कंदात कोल्चिसीन हे विष असतं. तो पोटात गेला तर माणूस दगावू शकतो. आमच्याकडे आलेल्या कच्च्या नोंदीत बाळंतपणात कंद कसा वापरत याची माहिती होती, विषाबद्दल मात्र एक ओळही नव्हती. लिहिणाऱ्याने जुन्या पुस्तकातून प्रामाणिकपणे उतरवलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी ते पकडलं. झाडपाल्याबद्दल मराठीत जालावर असं कितीतरी फिरत असतं, आणि तेच नको म्हणून तर हा कोश सुरू झाला.

आता कारवी या डोंगरउतारावरच्या झुडपाची नोंद बघा. लेखिकेने मन लावून लिहिली होती: स्ट्रोबिलँथिस कॅलोसा हे शास्त्रीय नाव, उतारांवर माजणारी दाट रानं, कुडाच्या भिंतींसाठी वापरतात त्या काठ्या, फुलोऱ्याच्या काळातला मध. एका समीक्षकांनी ‘दर सात वर्षांनी फुलते’ या वाक्यावर खूण केली. त्यांचं म्हणणं, मधली सात वर्षं कोरडी जातात आणि फुलोरा आठव्या वर्षी येतो, मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात तो २००८, २०१६ आणि २०२४ साली आला. दुसरे म्हणाले, वेगवेगळ्या डोंगरांवरची कारवी वेगवेगळ्या साली फुलते, तेव्हा कुठली कारवी ते सांगितल्याशिवाय वर्षं देऊ नका. दोघांचंही बरोबर. दोन वाक्यं बदलली की काम झालं असतं. पण पहिले समीक्षक परीक्षेच्या पेपरांत अडकले, दुसऱ्यांकडून उत्तरच येईना, आणि २०२४चा फुलोरा येऊन गेला तरी नोंद कच्चीच राहिली. लोक कारवीबद्दल शोधत होते त्या दिवसांत आमच्याकडे दाखवायला पान नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. त्या लेखिकेने नंतर काही पाठवलेलं नाही.

यातून आधीही लोक गेलेत. मार्च २००० मध्ये जिमी वेल्स यांनी न्यूपीडिया हा जालावरचा मुक्त ज्ञानकोश सुरू केला, मुख्य संपादक होते लॅरी सँगर. लेखक स्वयंसेवक, तपासणारे तज्ज्ञ, आणि नोंद मंजूर व्हायला सात टप्पे. पहिल्या वर्षात वीसेक नोंदीच पार पडल्या. कच्चा मजकूर लवकर जमावा म्हणून जानेवारी २००१ मध्ये जोडीला विकिपीडिया उघडला, तो भराभर वाढला आणि न्यूपीडिया २००३ मध्ये बंद पडला. यावरून लोक म्हणतात की तज्ज्ञांची तपासणी चालतच नाही. मला ते पटत नाही. माझ्या मते तिथे खरी अडचण ही होती की लिहिणाऱ्याला आपल्या मजकुराचं पुढे काय होतंय ते बराच काळ दिसतच नसे. सँगर यांनी पुढे सिटिझेंडियम या दुसऱ्या जालीय ज्ञानकोशात खरी नावं आणि तज्ज्ञांची मंजुरी असा प्रयोग केला, तिथेही मंजूर नोंदी थोड्याच राहिल्या. स्कॉलरपीडिया हा ज्ञानकोश त्या त्या विषयातल्या नामवंतांकडूनच लिहून घेतो, ते आमच्या आवाक्यातलं नाही. मराठी विश्वकोशामागे शासनाचं मंडळ आणि संपादकवर्ग आहे. आमच्याकडे लोकांचे रविवार आहेत, तेवढंच.

म्हणून जाणकारांना विचारते. समीक्षकाला मुदत घालावी का, आणि ती उलटली तर पुढे काय करायचं? फुकट काम करणाऱ्या ज्येष्ठ माणसाला ‘उशीर झाला’ म्हणायला जीभ रेटत नाही. कच्ची नोंद ‘तपासणी बाकी’ असा ठळक पट्टा लावून वाचकांना दाखवावी का? आमच्यात यावरून दोन तट पडलेत. आणि समीक्षकांना श्रेय कसं द्यायचं? लेखकाचं नाव पानावर येतं, तपासणाऱ्याचं कुठेच येत नाही. आम्ही मीडियाविकी (विकिपीडिया ज्यावर चालतो ती प्रणाली) वापरतो, तेव्हा तांत्रिक सल्लाही चालेल.

प्रतिसाद

कोशाच्या संपादनात बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो. ताई, अख्खी नोंद तपासायला पाठवणं आधी बंद करा. ओळख, आढळ, फुलोरा हा भाग एका जाणकाराने पाहिला तरी पुरे. औषधी उपयोग, विष आणि खाण्याचे उपयोग यांना मात्र दोघंच हवेत, तिथे सवलत नको. शेवळं ही पावसाळी रानभाजीच घ्या. भाजी करतात एवढंच लिहिलं आणि काकडं (काकड झाडाची आंबट फळं) किंवा चिंच घालून नीट शिजवावी लागते हे राहिलं, तर वाचून करणाऱ्याचा घसा खाजून हैराण होईल.

दुसरं म्हणजे समीक्षकाला ‘नोंद पाहा’ असं कळवू नका, नेमके तीन-चार प्रश्न पाठवा. ‘फुलोऱ्याचं वर्ष बरोबर आहे का?’ याचं उत्तर माणूस बसमध्ये बसूनही देतो. मुदतीचं म्हणाल तर ती काम देतानाच सांगायची: तीन आठवड्यांत जमलं नाही तर नोंद आपोआप पुढच्या जाणकाराकडे जाईल. नियम सगळ्यांना एकच असला की कोणालाच अपमान वाटत नाही.

प्रतिसाद

मीडियाविकीला ‘ॲप्रूव्हड रेव्ह्ज’ नावाचा विस्तार (जोडता येणारी सोय) आहे. वाचकाला शेवटची मंजूर आवृत्ती दिसते, मागे काम चालू राहतं. मोठ्या प्रमाणावर हवं असेल तर ‘फ्लॅग्ड रिव्हिजन्स’ आहे, जर्मन विकिपीडियावर तो मे २००८ पासून चालू आहे. पण सांभाळायला तो जड, तुम्ही पहिलाच घ्या. मंजूर आवृत्तीचा कायमचा दुवा मिळतो, त्यावर समीक्षकाचं नाव आणि तारीख टाका. प्राध्यापक मंडळींना आपल्या कामाच्या यादीत तो दाखवता येईल.

एक शंका. तुमच्या परवान्यात ‘अव्यावसायिक’ अशी अट आहे का? असेल तर तुमचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात) जाऊ शकत नाहीत, मजकूरही विकिपीडियावर नेता येत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ‘अव्यावसायिक’ अट नाही, श्रेय आणि समान परवाना एवढंच आहे. भाग पाडून तपासण्याची कल्पना आमच्या गटाला लगेच पटली, कारण दोन तटांचं भांडणही त्यातच मिटतं. ओळख आणि आढळ पट्टा लावून आधी दाखवू, औषध आणि विषाचा भाग दोन होकारांशिवाय उघडणार नाही. कारवीचं पान आजच या पद्धतीने लावते आणि लेखिकेला स्वतः फोन करते.

गवतं आणि नेचे तपासणारं कोणीच आमच्याकडे नाही. ओळखीत कोणी अभ्यासक असेल, सुरुवातीला दोन-तीन प्रश्नांपुरतं का होईना, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.