'स्लो हलला की आयएसी व्हॉल्व्ह बदला' हा सल्ला देणं थांबवा

कृष्णाकाठ (सांगली)

परवा एकाने या ग्रुपवर लिहिलं, "सिग्नलला गाडी बंद पडते? आयएसी बदला, विषय संपला." खाली अंगठ्यांची रांग लागली. विषय संपत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. स्लो म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचं फिरणं, आणि आयएसी म्हणजे त्या वेळची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह थ्रॉटलच्या पाकळीला (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेला) वळसा घालून हवा सोडतो, एवढंच त्याचं काम. स्लो बिघडवणाऱ्या बाकीच्या गोष्टी त्याच्या आजूबाजूलाच असतात: पाकळीच्या कडेला साचलेला कार्बन, बाहेरची हवा घेणारं मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) पॅकिंग, चिरलेला ब्रेक बूस्टरचा पाईप, अडकलेला पीसीव्ही (इंजिनमधली वाफ परत ओढणारा व्हॉल्व्ह), इंजिन थंड असल्याचं खोटं सांगणारा कूलंट सेन्सर. व्हॉल्व्ह बदलून यातलं एकही बरं होत नाही.

आधी स्कॅनर लावा. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, लाईट बंद. स्टेपर व्हॉल्व्ह (मोटर पायरी-पायरीने सुई सरकवून वाट उघडते तो) असेल तर बऱ्याच गाड्यांत पायऱ्यांचा आकडा साधारण १० ते ४० दिसतो. शून्यावर बसलाय आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) तरी हजाराच्या वर, म्हणजे हवा दुसरीकडून आत येतेय. आकडा शंभराच्या पुढे आणि आरपीएम सहाशेला लटकतंय, म्हणजे वाट कार्बनने चोंदलीय. स्कॅनरवरचा कोड पी०५०६ म्हणजे आरपीएम हवं त्याहून कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. या कोडमध्ये 'व्हॉल्व्ह खराब' असं कुठंही लिहिलेलं नसतं.

विश्रामबाग गॅरेज

स्कॅनरचा आकडा वाचून निदान होतं, हेच मला पटत नाही. तो आकडा ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) दिलेल्या हुकमाचा आहे. सुई खरोखर कुठं उभी आहे ते ईसीयूला दिसत नाही, कारण स्टेपरला जागा सांगणारा सेन्सरच नसतो. सुईचे आटे झिजले की मोटर फिरते, सुई जागची हलत नाही, आणि स्क्रीनवर ३० दिसत राहतं. कॉईलचा रेझिस्टन्स बरोबर, कोड नाही, तरी गाडी चौकात बंद. म्हणून सरळ बदलायला सांगतो. दोन स्क्रू काढायचे, भाग बसवायचा. दोन तास शोधत बसलं तर त्याची मजुरी गिऱ्हाइकालाच पडते.

कृष्णाकाठ (सांगली)

हुकमाचा मुद्दा मान्य. माझ्या पोस्टमध्ये तो यायला हवा होता. पण त्यावर उपाय स्कॅनरमध्येच आहे. ॲक्च्युएटर टेस्टमधून (स्कॅनरवरून व्हॉल्व्ह हलवून बघायची सोय) २० पायऱ्या वाढवा, आरपीएम वाढलं पाहिजे. तेवढ्याच कमी करा, ते मूळ जागी परतलं पाहिजे. तीन-चार वेळा करा. दर वेळी वेगळ्या आरपीएमला थांबत असेल तर पायऱ्या सुटताहेत, आणि तेव्हा व्हॉल्व्ह खुशाल बदला. याला दोन तास नाही, पाच मिनिटं लागतात.

स्कॅनर नसेल तर वळशाच्या वाटेचं तोंड अंगठ्याने बंद करा. बाहेरून पाईप असेल तर पकडीला कापड गुंडाळून तो दाबा. स्लो वाढलेला असताना तोंड बंद करूनही आरपीएम खाली येत नसेल, तर ती हवा व्हॉल्व्हची नाही.

पोवई नाका (सातारा)

मूळ रोग कुणी बोलतच नाही. सीएनजी किट बसवताना मॅनिफोल्डला पाडलेली भोकं! चार सिलिंडर, गॅस सोडणारे चार नोझल, चार ठिकाणी आटे. मॅनिफोल्ड प्लास्टिकचं असलं की आटे लवकर ढिले होतात. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) पाईपला टी जोड मारायचा, क्लिप लावायची नाही, आणि सहा महिन्यांनी स्लो वर गेला की आयएसीच्या नावाने बिल फाडायचं. किती गाड्यांचे चांगले व्हॉल्व्ह भंगारात गेले असतील!

विश्रामबाग गॅरेज

सगळ्या किटवाल्यांना एका माळेत ओवू नका. नोझल लॉक-पेस्ट लावून बसवलं तर वर्षानुवर्षं गळत नाही. शिवाय सीएनजीवर गाडी कोरडी चालते, व्हॉल्व्ह लवकर जातो, हे तर सगळेच सांगतात.

पोवई नाका (सातारा)

सगळे सांगतात म्हणून खरं होत नाही. वळशातून जाते ती नुसती हवा. सिक्वेन्शियल किटमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) गॅस त्या व्हॉल्व्हच्या पुढे, इनटेक पोर्टजवळ सुटतो. गॅसचा आणि त्या सुईचा संबंध येतोच कुठं? त्या जागी कार्बन येतो तो इंजिनच्या ब्रीदर पाईपमधून येणाऱ्या तेलाच्या वाफेने, पेट्रोलवर येतो तसाच.

आणि एक साधी परीक्षा कुणीच करत नाही. सिक्वेन्शियल किटमध्ये स्लोची हवा दोन्ही इंधनांवर पेट्रोलचाच ईसीयू सांभाळतो. मग पेट्रोलवर स्लो ठीक आणि फक्त सीएनजीवर बंद पडते, तर आयएसीला हातही लावू नका. रिड्यूसरचं (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचं) प्रेशर, गॅस फिल्टर, गॅस इंजेक्टर आणि किटचं मॅपिंग (गॅस किती सोडायचा याचं सेटिंग) बघा. दोन्हीवर सारखंच होत असेल तरच पुढं शोधा. नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी मारा. स्लोला क्षणभर फरक पडला तर गळती तिथंच. कार्ब क्लीनरही चालतो, पण गरम एक्झॉस्टजवळ आणि गॅस गळत असताना तो फवारू नका, भडका उडेल.

विश्रामबाग गॅरेज

जुन्या मिक्सरच्या किटचं काय? त्यात गॅस थ्रॉटलच्या आधीच मिसळतो, म्हणजे वळशातूनही तोच जातो. बॅकफायर झाला की दणका त्याच वाटेने उलटा येतो. तुम्ही सिक्वेन्शियलचं बोलून सगळ्यांना लागू करताय.

पोवई नाका (सातारा)

मिक्सरच्या किटपुरतं तुमचं खरं. पण तशा गाड्या आता राहिल्यात किती! त्यांचा नियम आजच्या गाडीला लावला, तिथंच चूक होतेय.

यवतेश्वर

सीएनजी आवरा आता. आमच्याकडे तक्रार वेगळी येते: साताऱ्यात गाडी ठीक, महाबळेश्वरला वेण्णा तलावाशी बंद पडते. लोक म्हणतात, घाटात व्हॉल्व्ह गेला. तो गेलेला नसतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, समुद्रसपाटीपेक्षा तिथं हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी. इंजिनला स्लोवर तेवढीच हवा लागते, म्हणून तीच हवा ओढायला वाट जास्त उघडावी लागते. खाली चोंदलेली वाट कशीबशी पुरते, वर पुरत नाही. त्यात एसी लावला की संपलं. थ्रॉटल बॉडी काढून साफ केली की बहुतेक गाड्या त्याच व्हॉल्व्हवर चालतात.

मिरज वायरिंग

आमच्या भागातलं कारण राहिलं: पुराचं पाणी. २०१९ आणि २०२१ ला बुडालेल्या गाड्या पुढं विकल्या गेल्या. त्यांच्या आयएसीच्या सॉकेटमध्ये पिनांवर हिरवा गंज सापडतो. नवा व्हॉल्व्ह त्याच गंजक्या सॉकेटला जोडला की चार दिवसांनी पुन्हा तेच. आधी सॉकेट हलवून बघा, आरपीएम उडालं तर दोष तारेत.

मीटर असा लावा. चार तारांच्या स्टेपरला दोन कॉईल. प्रत्येकीचा रेझिस्टन्स बऱ्याच गाड्यांत ४० ते ६० ओहम. एका कॉईलचा दुसरीशी किंवा बॉडीशी काहीही संबंध दिसता कामा नये. तीन तारांच्या रोटरी (फिरत्या झडपेच्या) व्हॉल्व्हमध्ये मधल्या पिनेपासून दोन्ही कडांना साधारण १० ते २० ओहम. थंड असताना बरोबर आलं तरी तापवून पुन्हा मोजा. कॉईल शॉर्ट असेल तर ईसीयूचा ड्रायव्हर (कॉईलला करंट देणारा भाग) जळू शकतो. न मोजता नवा भाग लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, ईसीयू काही दोन स्क्रूंचा भाग नाही.

विश्रामबाग गॅरेज

ठीक. मोजूनच बदलू. पण साफ करा म्हणणारेही गाड्या बिघडवतात. अख्खा व्हॉल्व्ह क्लीनरमध्ये बुडवतात, कॉईलचं इन्सुलेशन जातं. सुई खाली धरून फक्त टोकाला फवारा, नरम ब्रश फिरवा. वापरलेल्या व्हॉल्व्हची सुई हाताने दाबू नका, आटे तुटतात. सुटा काढून इग्निशन चालू करू नका, सुई पूर्ण बाहेर येऊन हातात पडते. आणि स्लो कमी म्हणून पाकळीचा स्टॉप स्क्रू पिळणं तर बंदच करा. थ्रॉटल सेन्सरचा बंद स्थितीतला व्होल्टेज साधारण अर्धा व्होल्ट असतो. स्क्रूने तो चढला की ईसीयूला वाटतं पाय ॲक्सिलरेटरवर आहे, आणि तो स्लो सांभाळणंच सोडतो. काही ईसीयू नवी जागा शिकून घेतात, सगळे नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

यातल्या एकाही शब्दाशी माझा वाद नाही. बसवताना एवढं करा: बॅटरीचा निगेटिव्ह काढा. थ्रॉटल बॉडीतून कूलंट फिरत असेल तर इंजिन गार होऊ द्या. जुनी ओ-रिंग किंवा पॅकिंग पुन्हा वापरू नका. मॅटिझ-स्पार्क गाड्यांच्या जातीच्या नव्या व्हॉल्व्हची सुई फ्लँजपासून २८ मिलिमीटरपेक्षा बाहेर असेल तर बोटाने हळू आत ढकला, नाहीतर ती बुडाला टेकते आणि आवळताना मोडते. हे फक्त नव्याला चालतं. स्क्रू हातानेच बेताने आवळा, ॲल्युमिनियमचे आटे लगेच सुटतात.

यवतेश्वर

बसवल्यावर लगेच रेस देऊ नका. चावी दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, मग स्टार्ट करून रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत स्लोवर सोडा. नंतर एसी लावून बघा. पहिली काही मिनिटं आरपीएम वरखाली होईल. तेवढ्यावरून नवा भाग परत करायला निघू नका.